शेलूबाजारचा पेटता झिरा

बाजाराचा दिवस होता, पण वांगी-भेंडीच्या पाट्या उघड्या टाकून माणसं उताराखालच्या झिऱ्याकडं पळत होती. झिरा म्हणजे खडकातून पाझरलेल्या पाण्याचं एक डबकं. एरवी त्यात म्हशीसुद्धा तोंड घालत नसत. आता मात्र त्याचं पाणी पेटत होतं! खरोखर पेटत होतं. जगदेवबाबा आधी ऊद-लोबानाचा असा धूर करायचा की शेजारच्याचं तोंड दिसू नये. मग जळती काडी पाण्यात टाकायचा आणि पाण्यावर निळी-पिवळी ज्वाळा थुईथुई नाचायची.

"आगीनं पाणी तापते, हे तुमी रोज पायता," बाबा गरजायचा. "पण पाण्याले आग लागलेली कोणी पाह्यली? जळते थो रोग, उरते थे देवीचं तीर्थ! यानं दमा जाते, हिवताप जाते, सवतसुदी जाते!"

बाया तोंडाला पदर लावून हसत आणि हसता हसता तांबे पुढं करत. काडी टाकण्याआधीच भरून ठेवलेल्या घागरीतून बाबा तीर्थ वाटायचा. देवी फक्त बाजाराच्याच दिवशी का जागी होते, हे कोणी विचारत नसे.

झिऱ्याच्या वर, उतारावर, वाशीमच्या बबनरावांची लॉरी उभी असायची. ती चालवायचा रतनसिंग, जवळच्या लमाण तांड्यावरचा. हँडल मारून लॉरी लवकर चालू होत नसे, म्हणून तो तिला तोंड खाली करून उतारावर लावायचा. ब्रेक सोडला की घरंगळत चालू होई.

रतनसिंगच्या मागं एक पीडा लागली होती. टाकीतलं पेट्रोल कमी व्हायचं.

"पेट्रोल काय चाकं पेतात का रे?" बबनराव सगळ्यांदेखत विचारत. "कोणाले इकून राह्यला, सांग!"

तो काय सांगणार? वाशीमला बबनरावांच्या अंगणात तो कितीदा तरी लॉरीखाली शिरला होता. टाकी कोरडी, नळी कोरडी, जोड कोरडे. चोर नसून चोर ठरायची वेळ आली होती.

त्या बाजारी त्याची बायको भुरीबाई सासूला, दम्यानं खंगलेल्या रामीबाईला, झिऱ्यावर घेऊन आली. रतनसिंग लॉरीच्या पायरीवर बसून बघत होता. त्यानं अडवलं नाही. आला गुण तर आला, असं त्यालाही वाटलं.

म्हातारीनं घोट घेतला आणि तिला ठसका लागला. "घसा जळून राह्यला, माय!"

"रोग निघून राह्यला! अजून पाजा!" बाबा ओरडला. भुरीबाईनं अजून पाजलं.

म्हातारीचे ओठ निळे पडले तेव्हा रतनसिंगनं तिला उचलून लॉरीत घातलं आणि मंगरूळपीरचा दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी म्हातारीच्या तोंडाशी नाक नेलं आणि ते ताडकन उभे राहिले.

"हिला पेट्रोल कुणी पाजलं?"

"पेट्रोल नाई, साहेब. तीर्थ हाये."

"तीर्थाला पेट्रोलचा वास येतो? तू ड्रायव्हर ना? तुला कळलं नाही?"

रतनसिंगच्या अंगाला, कपड्यांना बारा महिने तोच वास. तो वेगळा कळणार कसा?

"ठसका लागून ते छातीत उतरलंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "यावर माझ्याकडं औषध नाही. जवळ बसून राहा."

तो बसून राहिला. याडी, म्हणजे त्याची आई, प्रत्येक श्वास ओढून घेत होती. तिच्याकडं पाहता पाहता त्याच्या मनात आलं, शेलूबाजारात मोटार एकच उभी राहते. मग हे पेट्रोल कोणाचं? पुढचा बाजार यायच्या आत म्हातारी गेली.

त्या बाजारी त्यानं लॉरी मुद्दाम त्याच उतारावर लावली. चुलीतली राख घेऊन तो खाली शिरला आणि टाकीच्या शिवणीवर ती भुरभुरली. मागची राख कोरडी राहिली. पुढच्या, वरच्या कोपऱ्यात मात्र राखेवर काळी रेघ उमटली आणि तिच्या टोकाशी थेंब धरला. सपाटीवर पेट्रोल त्या फटीपर्यंत पोचतच नव्हतं. तोंड खाली झालं की सारा भार तिथंच येई. थेंब मुरमात मुरत, खडकाच्या भेगेतून झिऱ्यात उतरत. आणि पेट्रोल पाण्यावर तरंगतं.

त्यानं बाजारातल्या चंपत माळ्याला गावच्या विहिरीचं पाणी आणायला लावलं. लॉरीपासून, झिऱ्यापासून दूर, सगळ्यांसमोर त्या घागरीत वाटीभर पेट्रोल ओतलं आणि काडी टाकली. तीच निळी-पिवळी ज्वाळा! "माह्या टाकीले फट हाये, थेच पेट्रोल झिऱ्यात उतरते!" तो म्हणाला.

गर्दी बाबाकडं वळली. बाबा मात्र गप्प बसणारा नव्हता. "मंग टाकीले भोक कोणं पाडलं? देवीनंच ना!"

माना डोलल्या. आवडाबाई नावाची म्हातारी हात जोडून पुढं आली. "तुई गाडी इथून हालवू नको, बाप्पा. लेकरू बिमार हाये माह्या घरी."

रतनसिंगनं साबणाची वडी मळून फट बुजवली, लॉरी सपाटीवर नेली.

त्यानंतरच्या बाजारी बाबाची काडी पाण्यात चुर्र करून विझली. दुसरी विझली. "लमाण्यानं देवी बाटवली!" म्हणत बाबानं झोळी उचलली आणि केनवडचा रस्ता धरला. त्याच्यामागं माणसं निघाली. सगळी नव्हेत, पण निघाली. आवडाबाई रिकामा तांब्या घेऊन तिथंच उभी होती.

रतनसिंग रस्त्यात आडवा आला. "माही याडी माह्याच गाडीच्या पेट्रोलनं मेली. मी इथंच बसून पायत होतो. बाबा लुच्चा हाये, पण मीबी इचारलं नाई. तुमी इचारा! वास कायचा हाये, इचारा. बाजारीच काहून पेटते, इचारा. लेकरू बिमार असंल तं दवाखान्यात न्या. मी नेतो गाडीत, आत्ता नेतो!"

काही जण त्याला वळसा घालून पुढं गेले. आवडाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग रतनसिंगकडं.

"थांबशील?" ती म्हणाली. "लेकराले घेऊन येतो."