माझ्या छातीवरच्या दोन कवड्या

मित्रांनो, मी एक जुना रबरी रेनकोट आहे. मेडशी गावात लिलाबाई नर्सच्या घरी, दारामागच्या खुंटीला मी टांगलेला असतो. पण खुंटीवर माझा जीव मुळीच रमत नाही. नुसतं आभाळ भरून आलं तरी माझ्या बाह्या हलायला लागतात. घरातले म्हणतात, वारा सुटला. वारा कसला, मीच तो! माझ्या छातीवर दोन काळी बटणं आहेत आणि दोन पांढऱ्या कवड्या. त्या कवड्या तिथे कशा आल्या, हे सांगितल्याशिवाय आज मला चैन पडायची नाही.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथून पेटीत दडपून मला वाशीमच्या एका दुकानात आणलं. फळीवर घडी होऊन पडून राहायचा मला भारी कंटाळा. माझ्या शेजारी आणखी एक रेनकोट होता. त्याच्या काखेत बारीक भोकं होती आणि पाठीवर एक सैल झडप. मी त्याची फार टर उडवायचो. पावसाचा कपडा आणि त्याला भोकं!

१९७४ साली पावसाळ्याच्या तोंडावर लिलाबाई आपल्या आईला, भागिरथाबाईंना घेऊन दुकानात आल्या. त्यांना नुकतीच नर्सची नोकरी लागली होती. मेडशीच्या आसपासची खेडी आणि तांडे पायी फिरायचे होते, तेही पाऊसपाण्यात. दुकानदाराने आधी तो भोकांचा कोट पुढे केला. मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या.

"भोकंवाली बरसाती कोन घेते, भाऊ?" भागिरथाबाई म्हणाल्या. "त्यापरीस घोंगडं बरं. त्याच्यातून वारा तरी जाते."

"घोंगडं भिजलं का उचलत नाही, माय," लिलाबाई म्हणाल्या. "मले दिवसभर चालाचं हाये."

मग दुकानदाराने मला उलगडलं, माझी झोळी केली आणि तिच्यात तांब्याभर पाणी ओतलं. खाली एक थेंबही पडला नाही. दुकानात बसलेल्यांनी माना डोलावल्या. माझी निवड झाली आणि मी फुगून गेलो.

त्या पावसाळ्यात आम्ही खूप फिरलो. चिखल, नाले, तुरीच्या वावरांमधल्या पायवाटा. मला तर हेच हवं होतं. पाऊस मी आत येऊ दिला नाही. पण आतला घामही बाहेर जाऊ दिला नाही. तांड्यावर पोचलं की लिलाबाई मला काढून झटकायच्या आणि म्हणायच्या, "पावसानं नाही भिजली मी, यानंच भिजवलं." ऐकणारे हसायचे. मीही ते थट्टेवारी नेलं.

श्रावणात झड लागली होती. डोंगराकडच्या तांड्यावर हिरीबाईची सुंदर नावाची तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. तिची छाती घरघरत होती. तिला लगेच मेडशीच्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. लिलाबाईंनी मला अंगातून काढलं आणि हिरीबाईला घातलं. बाळ तिच्या छातीशी बांधलेलं. वरून त्यांनी गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. हिरीबाईने स्वतःचं घोंगडं लिलाबाईंच्या डोक्यावर दिलं आणि दोघी निघाल्या.

मित्रांनो, थोड्याच वेळात माझं काळीज लक्‌लक् करायला लागलं. बाळाच्या तापाची धग माझ्या आत कोंडली होती. त्याचा श्वास माझ्या अस्तराला लागून पाणी होऊन ओघळत होता, आणि नवी हवा आत यायला वाट नव्हती. आधी ते जोराने रडत होतं. मग कण्हायला लागलं. मग तेही थांबलं.

"उगी झाली, बाई," हिरीबाई म्हणाली. "निजली वाटते."

"बरं झालं," लिलाबाई म्हणाल्या. "चाल, लवकर नाला वलांडू."

ती निजली नव्हती. एवढं मला एकट्याला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. मी वाऱ्यावर फडफडलो, हिरीबाईच्या पायांत अडकलो. तिने मला आणखीच घट्ट आवळून धरलं. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो.

नाल्याच्या काठावर हिरीबाईला हात द्यायला लिलाबाई वळल्या. त्यांचा हात माझ्या गळ्याशी आला आणि आतली गरम, ओली वाफ तळव्याला लागली. त्या जागीच थांबल्या.

"हिरीबाई, खोल ते. आधी खोल."

ओली बटणं काजातून निघेनात. लिलाबाईंनी मला दोन्ही हातांनी धरून ओढलं. वरची दोन बटणं तुटून चिखलात गेली. मला जे दुखलं ते मी आजही हसत सोसेन. बाळाचे ओठ निळे पडले होते. लिलाबाईंनी त्याला उघड्यावर धरलं, पाठ चोळली. पावसाचे थेंब तोंडावर पडले आणि सुंदर रडली. हिरीबाईही रडायला लागली.

मग त्यांनी बाळाला घोंगड्याच्या आतल्या कोरड्या भागात सैल गुंडाळलं आणि मला छतासारखं वर धरलं. खालून वारा खेळता राहिला. तसाच मी दवाखान्यापर्यंत गेलो. सुंदर वाचली.

बरी झालेली लेक घेऊन हिरीबाई आली, तेव्हा तिने मला मागून घेतलं. "दोन बटनं माह्या पोरीपायी गेली," ती म्हणाली आणि आपल्या ओढणीच्या दोन कवड्या काढून माझ्या छातीवर शिवल्या.

पुढे ओला असतानाच घडी घातल्याने मला चिरा पडल्या. मागच्या वर्षी लिलाबाई पुन्हा वाशीमला गेल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "काखेत भोकं असलेला द्या." तसला कोट आता माझ्या शेजारच्या खुंटीला असतो. पाऊस आला की तो जातो आणि मी चुळबुळत राहतो. त्याची टर आता मी उडवत नाही.

मित्रांनो, रेनकोट जरूर सांभाळा, सावलीत वाळवा. पण विकत घेताना नुसतं पाणी ओतून बघू नका. तो अंगात घाला, गळ्यापर्यंत बटणं लावा, चार चकरा मारा आणि आत श्वास घ्यायला बरं वाटतं का, ते बघा.

बाजाराच्या दिवशी हिरीबाई लेकीला घेऊन घरी येते. सुंदर आता चांगली धावते. ती माझ्या कवड्यांशी खेळते आणि मग लपायला थेट माझ्या आत शिरते. मी माझ्या बाह्या, माझे काठ, जमेल तेवढे पसरून धरतो. ती हसत बाहेर येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.