बारा नवसाक्षर

त्या रविवारी सकाळचं ऊन शाळेत आलं ते नेहमीसारखंच, कसलीही चाहूल न देता. आधी कौलांमध्ये बसवलेल्या एकुलत्या काचेतून एक फिकट चौकोन समोरच्या भिंतीवर उतरला. मग तो सावकाश खाली सरकत नकाशाच्या सुटलेल्या कडेवर आला, फळ्याच्या चौकटीवर थोडा रेंगाळला, आणि शेवटी जमिनीवर मांडलेल्या बारा पाट्यांपैकी पहिलीवर येऊन थांबला. ओल्या फडक्यानं पुसलेली ती पाटी सुकत होती. काळ्या दगडावरचं पाणी कडांकडून आत आटत जाताना मी पाहत राहिलो. त्या उजेडात विशेष असं काही नव्हतं. टेंभी नाक्यावरच्या साऱ्या घरांत तो त्या वेळी असाच आला असेल, कपबशांवर, वाळत घातलेल्या धोतरांवर. तरी तो तिथंच थांबावा, आठ वाजूच नयेत, असं मला वाटत होतं.

“वहिनी, इतकं सुबक नको हो!” मागून त्र्यंबकचा आवाज आला. “सात इयत्ता झालेल्या बाईसारखं दिसतंय.”

“मग झाल्याच आहेत माझ्या सात इयत्ता,” वासंतीवहिनी हसल्या. “चांगलं अक्षर काढलं म्हणून बोलणी खायची वेळ आयुष्यात आजच आली.”

“आज तुम्ही गंगुबाई. गेल्या आषाढापर्यंत अंगठा देत होतात. आनंदा, अरे दाखव ना यांना, तुझी ती बाई कसं लिहिते ते.”

मी खडू घेतला आणि दाखवलं. गंगुबाई ‘ग’ची दांडी फार दूर काढायची, जणू ती पुढच्या अक्षराची असावी, आणि शिरोरेघ मध्येच तुटायची, कारण तिथं ती श्वास घ्यायला थांबे. वासंतीवहिनींनी ते दोनदा गिरवलं. तिसऱ्यांदा हुबेहूब जमलं.

त्र्यंबक आमच्या तरुण मंडळाचा चिटणीस आणि माझा शाळेपासूनचा मित्र. वासंतीवहिनी त्याच्या भावजय. त्रेपन्न सालच्या मे महिन्यात जिल्ह्याच्या समाजसेवा ढालीच्या स्पर्धेची जाहिरात आली, तेव्हा मासुंदा तलावाच्या काठावर बसून आम्ही दोघांनी बेत आखला. कोपरीपलीकडच्या मिठागरांत राबणाऱ्या माणसांसाठी साक्षरता वर्ग काढायचा. वर्षअखेरीस निदान बारा जणांनी जिल्ह्याहून परीक्षा घ्यायला येणाऱ्या साहेबांसमोर लिहून-वाचून दाखवायचं. योजना फुलस्केप कागदावर मी लिहिली. “ढाल मिळो न मिळो,” त्र्यंबक तेव्हा म्हणाला होता, “एक माणूस जरी वाचायला लागला तरी आपण जिंकलो.” त्या वाक्यासाठी मी त्याच्यामागे कुठंही गेलो असतो.

पावसाळ्यात अठरा जण यायचे. आम्ही ते आमच्या कामाचं यश समजलो. मिठागरं पावसात बंद असतात, म्हणून ही माणसं मोकळी आहेत, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. दिवाळीनंतर आगरांत खाडीचं पाणी घेतलं गेलं आणि वर्ग रिकामा झाला. येत राहिली ती एकटी गंगुबाई. पन्नाशीची, मिठानं तळवे चिरलेली. दिवसभर मीठ ओढून ती सांजवेळी चालत यायची आणि दाराशी पाय धुऊन बसायची.

“मुकादम बोलतो, सरकारी कागद आन, मंग सही कर,” तिनं मला एकदा सांगितलं होतं. “तवर आंगठा. त्याच्याम्होरं लिवून दावला तरी हसतो, मास्तर.”

परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला हाच तो कागद. तो तिला मी कबूल केला होता.

परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी त्र्यंबकनं बारा नावांची यादी माझ्यापुढे ठेवली. नावं हजेरीपटावरची, माणसं मात्र आमच्याच आळीतली: वहिन्या, मावश्या, दोन निवृत्त कारकून.

“निदान गंगुबाईला तरी बसू दे,” मी म्हणालो. “ती खरी आहे.”

“तेच तर! एक खरी बसली की अकरा उघडी पडतील. ही शेजारची बाई कोण, असं तिनं साहेबांदेखत विचारलं म्हणजे?” त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि फळ्यावरचं नवं वाक्य वाचता येतं का तिला? खरं सांग.”

“नाही,” मी म्हणालो. “अजून नाही.”

“झालं तर. तिची फजितीच वाचवतोयस तू.”

त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं, परीक्षा पुढच्या महिन्यावर गेली.

“बरा झाला,” ती म्हणाली. “तवर मना जोडाक्षरा पक्की व्हतील.”

रविवारी साहेब आठ वाजता आले. जाडीभरडी लुगडी नेसलेल्या आमच्या वहिन्या पदर पुढे ओढून बसल्या. वासंतीवहिनींनी पाटीवर नाव लिहिलं. साहेबांनी पाटी उजेडात धरली आणि ते हळवे झाले. “पाहा,” ते त्र्यंबकला म्हणाले, “याला म्हणतात कष्टाचं अक्षर.” मग त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि नाव पुकारलं, “गंगुबाई!”

“जी,” दारातून आवाज आला.

ती ओसरीवर उभी होती. बाजाराला आली असावी. काखेत रिकामी टोपली होती. एक पाय तिनं उंबऱ्याच्या आतही टाकला होता. तेवढ्यात वासंतीवहिनी उठून फळ्याकडे गेल्या आणि तिनं तो पाय मागे घेतला. साहेबांनी बाहेर पाहिलं. “बाजाराला आलेली कुणी बाई आहे,” त्र्यंबक चटकन म्हणाला. गंगुबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी हजेरीपटात पाहू लागलो.

“ओ... हो... टी,” वासंतीवहिनी ठरल्याप्रमाणे अडखळल्या. “ला... गली...”

दारातून दुसरा आवाज येत होता, इतका हळू की दाराजवळ बसलेल्या मलाच तो कळत होता. वहिनी ‘लागली’पाशी थांबल्या होत्या, तो आवाज त्यांना मागे टाकून पुढे निघाला. “म्हन... म्हणजे... हो... ड्या...” तिथं तो थबकला, पुन्हा मागे आला, “होड्या. चिखलात. बसतात.”

मी मान वर केली तेव्हा दारात कोणी नव्हतं.

ढाल आम्हाला मिळाली. बारा दाखले आले. त्यांतला तिच्या नावाचा वासंतीवहिनींनी संदुकीत ठेवून दिला. गंगुबाई पुन्हा वर्गाला आली नाही. त्र्यंबकनं माझा विश्वासघात केला, असं मी कितीतरी दिवस मनाशी म्हणत राहिलो, त्याच्याशी बोलणंही सोडलं, आणि त्या दुःखात मला एक प्रकारचा आसराही मिळत गेला.

पण गंगुबाईला वाचता येत होतं, आणि ते मला त्या गुरुवारीही माहीत होतं.