पहिल्या हसण्याचं मीठ

आमच्याकडे जन्मलेलं मूल लगेच माणसांत धरत नाहीत. ते अजून पलीकडच्या पवित्र लोकांशी बोलत असतं, आणि इथं राहायचं की परत जायचं हे मनाशी ठरवत असतं. पहिल्यांदा खळखळून हसलं की समजायचं, राहिलं. मग ज्याने हसवलं त्याने मेंढरू कापायचं, चार माणसांना जेवू घालायचं आणि बाळाच्या हातून सगळ्यांना खडेमीठ वाटायचं. त्याने मूल सढळ हाताचं होतं. एखादा चिक्कू भेटला की आम्ही विचारतो, तुझ्या हसण्याचं जेवण घालायला विसरले होते काय रे?

मिकेला मात्र हसत नव्हती. तिची आई, माझी धाकटी बहीण, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. गेलेल्यांचं नाव आम्ही घेत नाही, म्हणून मी नुसतं धाकटी म्हणते. तेव्हापासून पोर माझ्याकडे आणि माझ्या आईकडे, लुकाचुकाईच्या डोंगराखाली आमच्या जुन्या होगनमध्ये. आठ कोनांचं मातीचं घर, मध्ये चूल, वर धुराडं. दुपारी त्या धुराड्यातून उन्हाचा कवडसा खाली उतरायचा, आणि मिकेला, आमच्या रीतीने पाळण्याच्या फळीवर बांधलेली, मान वर करून तासन्‌तास तिकडेच बघत राहायची. तिच्या वयाची पोरं केव्हाच हसून मोकळी झाली होती. मला कधीकधी वाटायचं, वरून कुणीतरी हळू आवाजात तिला बोलावतंय आणि मला तेवढं ऐकू येत नाही. अशा वेळी मी उगाच भांडी वाजवायची.

माय मरो, मावशी उरो म्हणतात. आमच्यात तर मावशी उरत नाही, ती आईच असते. दोघींना शब्दही एकच. मला स्वतःचं मूल नाही. मी मिकेलाला वाकुल्या दाखवल्या, मेंढीसारखी बेंऽऽ केलं, डोक्यावर टोपलं घालून नाचले. दुकानदार घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतो तशी ती माझ्याकडे बघायची, आणि पुन्हा धुराड्याकडे.

तिचा बाप लेलंड गॅलप शहरात गॅरेजात काम करायचा आणि दर रविवारी यायचा. लांबूनच हॉर्न वाजवायचा, कारण जावयाने सासूचं तोंड बघायचं नसतं, बघितलं तर दोघांचे डोळे जातात. शहरातल्या पोरांनी हे सोडलंय. लेलंड शहरात राहूनही पाळायचा, आणि माझी आई तर विचारूच नका. हॉर्न ऐकला की ती मेंढवाड्यात तरी जायची नाहीतर आत दाराआड बसायची, आणि मग तो भिंतीबाहेर, ती भिंतीआत, मी उंबऱ्यात असं आमचं बोलणं चालायचं. पोर त्याला फार्मिंग्टनला आपल्या आईकडे न्यायची होती.

"विचार जावईबापूंना," आई म्हणाली, "फार्मिंग्टनला पोरीला मेंढरं कोण दाखवणार आहे?"

"ऐकलं मी," बाहेरून लेलंड. "ताई, त्यांना सांग, माझ्या आईनं चार पोरं वाढवलीत. हीपण वाढवील."

"त्याला म्हणावं, वाढवील की. पण पोर आईच्या कुळाची असते."

"सांग त्यांना, आई राहिली कुठं?"

आईने आत चुलीत एक लाकूड जोरात सारलं.

"तुम्ही दोघं सरळ बोला," मी म्हणाले. "मला काय पोस्टात नोकरी लागलीय?"

लेलंड जाता जाता म्हणाला, "हसल्याशिवाय हलवू नको म्हणते माझी आई. हसली की नेतो, ताई."

म्हणजे हसली की फार्मिंग्टनला जाणार, आणि नाही हसली तर त्याहून कितीतरी लांब. त्या दिवसापासून मी वाकुल्या दाखवायचं बंद केलं. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "टोपलं खाली आलं वाटतं," एवढंच म्हणाली. मी कणीक जोरात मळत राहिले. कुणाला काय सांगणार? पोर इथलं व्हावं म्हणून जीव तुटत होता आणि होऊ नये म्हणूनही तुटत होता.

मग तो रविवार आला. लेलंडची गाडी वाटेत बंद पडली आणि तो चालत आला, म्हणजे हॉर्न नाही. आई मेंढरांकडे गेलेली, हे त्याने बाहेरूनच विचारून घेतलं. माझे हात कोपरापर्यंत पिठात, आणि हा दारातून आत शिरून, चुलीला वळसा घालून थेट लेकीपुढे उकिडवा बसला.

"थांब रे, आईला सांगून येते," मी म्हणाले आणि हात झटकेपर्यंत दार उघडलं. आई दोन्ही हातांत सरपण घेऊन, खाली बघत आत आली. "बर्निटा, ती काळी मेंढी आज पुन्हा..." म्हणत तिने मान वर केली.

सरपण धाडकन खाली पडलं. आईने अंगावरचं घोंगडं डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढलं. लेलंडला काही सापडेना, त्याने माझं पिठावरचं फडकं उचललं आणि तोंडावर घेतलं. मग दोघंही दार शोधायला निघाले. होगनमध्ये फिरायचं ते सूर्य फिरतो त्याच बाजूने, चुलीभोवती; उलटं पाऊल टाकायचं नाही. तेवढी रीत दोघांच्याही लक्षात होती. डोळे झाकलेले, हात पुढे, आई लेलंडच्या मागे आणि लेलंड आईच्या मागे, चुलीला घिरट्या घालायला लागले.

"गेला का तो?" आई घोंगड्यातून.

"गेल्या का त्या?" लेलंड फडक्यातून.

"दोघंही इथंच आहात," मी म्हणाले. "एकजण तरी थांबा."

कुणी थांबेना. आईने त्याला मागून गाठलं आणि कमरेत ढोसलं. "बाजूला हो ना गं बर्निटा, सारखी कसली मधे मधे करतेस." लेलंड जीव मुठीत धरून ते सोसत होता, तोच त्याला पिठाने शिंक आली. फडक्यातून पांढरा ढग उठला. मला हसू आवरेना. पिठाचे हात पोटाशी धरून मी वेड्यासारखी हसत सुटले.

आणि मग दुसरं हसू ऐकू आलं.

आम्ही तिघंही होतो तिथे थांबलो. पीठ उन्हाच्या कवडशात तरंगत हळूहळू खाली येत होतं आणि घर कुठल्यातरी झोपेत असल्यासारखं वाटत होतं. मिकेला हसत होती. धुराड्याकडे नाही, खाली, घरात बघत होती. थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा हसली.

"कुणी हसवलं?" आईने घोंगड्यातूनच विचारलं.

"त्यांनी," लेलंड म्हणाला.

"मी कशाला? सांग त्याला, शिंकला तो."

मी रडायला लागले. त्यांना वाटलं, आनंदाने. अर्धं खरंच होतं ते.

जेवण पुढच्या रविवारी दोघांनी मिळून घालायचं ठरलं. मेंढरू आईचं, बटाटे आणि कॉफी लेलंडची, तेलातल्या भाकऱ्या माझ्या. घराच्या मध्ये घोंगडं टांगलं आणि त्याच्या कडेला पोर मांडीवर घेऊन मी बसले. डावीकडून आईचा हात यायचा, उजवीकडून लेलंडचा, दोघं मिळून मिकेलाच्या मुठीत खडेमीठ ठेवायचे, आणि पाहुणे एकेक करून ते घ्यायचे. शेजारची म्हातारी म्हणाली, "मांडी तुझी नि दाते भलतेच, बर्निटा." मी हसल्यासारखं केलं. सकाळीच लेलंडच्या गाडीत मागच्या सीटवर बाळाची नवीकोरी खुर्ची बांधलेली मी बघितली होती. त्यानंतरच्या सगळ्या भाकऱ्या करपल्या.

पाहुणे पांगले. मी मिकेलाचे कपडे एका पिशवीत भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. पिशवी खांद्याला, पोर कडेवर, अशी बाहेर गेले. माझ्या जुन्या गाडीशेजारीच लेलंड आपल्या गाडीत वाकून खुर्चीचे पट्टे सोडत होता. ती उचलून त्याने माझ्यापुढे ठेवली.

"घे. तुझ्या गाडीत बसव," तो म्हणाला. "महिन्यातून एकदा माझ्या आईकडे घेऊन येत जा. तिला सांगितलंय मी."

"तू तर म्हणाला होतास, हसली की नेतो."

"म्हणालो होतो." त्याने टोपी काढून उगाच झटकली. "रोज आठवतोय तो दिवस. मी फडक्यात होतो, त्या घोंगड्यात. तोंड उघडं होतं ते तुझं एकटीचं. मग पोर कुणाकडे बघून हसली, ताई?"

मिकेलाने माझ्या कानाची बाळी ओढायला घेतली.

"असं असेल तर जेवण मी घालायला हवं होतं," मी म्हणाले.

"तू तर तिला जन्मभर जेवू घालणार आहेस," लेलंड म्हणाला. "आई आहेस तिची."