रांगेच्या टोकाचा पट्टा

मित्रांनो, मी कमरेला बांधायचा एक जुना सुती पट्टा आहे. आज काळा दिसतो, पण जन्मलो तेव्हा पांढराशुभ्र होतो. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला आपल्याच मशीनवर शिवलं. चाळिशी उलटल्यावर त्या कराटे शिकायला निघाल्या होत्या. वर्गातली मुलं त्यांना मावशी म्हणत.

आमच्या वर्गात पायरी चढली तरी नवा पट्टा मिळत नसे. जुनाच रंगाच्या पातेल्यात बुडवायचा. आधी पिवळा, मग हिरवा, मग तपकिरी. त्या कोमट रंगात मला गुंगी येई आणि जाग येई ती वरच्या पायरीवर. रांगही रंगाप्रमाणेच लागे. काळे पुढे, पांढरे टोकाला. टोकापासून सरकत सरकत तपकिरीपर्यंत यायला मावशींना सहा वर्षं लागली.

काळ्या पट्ट्याच्या परीक्षेआधी त्यांची मोठी बहीण राहायला आली. भारी टापटिपीची. मला बघून तिने नाक मुरडलं आणि डाग घालवायच्या पावडरीत दिवसभर भिजत घातलं. मी आपला स्वप्नात. वाटलं, काळा होतोय. डोळे उघडले तर पुन्हा पांढराच.

"किती मळला होता गं," ताई म्हणाली. "बघ, कसा लख्ख निघालाय."

मावशींनी मला दोन्ही हातांत घेतलं. "ताई, मळ नव्हता तो. माझी सहा वर्षं होती."

परीक्षेला त्या मला बांधून गेल्या आणि रांगेच्या टोकाला, एका चिमुरडीशेजारी उभ्या राहिल्या.

"मावशी, पुढे या," सर म्हणाले.

"पट्टा पांढरा आहे, सर. माझी परीक्षा पहिल्यापासून घ्या."

सरांनी घेतली. उभं कसं राहायचं, पडायचं कसं, इथपासून. मावशींचे गुडघे कुरकुरत होते. मी घामाने चिंब झालो होतो आणि त्या ओलाव्यात मला जुने रंग एकेक करून पुन्हा चढल्यासारखे वाटत होते. दारात ताई जीव मुठीत धरून उभी होती.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा सर म्हणाले, "आता टाका काळ्या रंगात."

ताईने पातेल्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. "पांढरा मी केला, काळाही मीच करणार."

मित्रांनो, आम्हाला जपा. धुण्याआधी एकदा विचारा. आणि कधी तुमचाही रंग गेलाच, तर घाबरू नका. रांगेच्या टोकाला जागा असते. मावशी आजही वर्गात आल्या की आधी तिथेच जाऊन उभ्या राहतात, त्या चिमुरडीला गाठ मारून देतात आणि मग पुढे येतात.