वाकड्या दाताचा ओरखडा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी खाटकाच्या बायकोच्या मांडीवर ओल्या कापसाचा बोळा दाबला, बुबुळं फिरवली, घशातून बेडकासारखा आवाज काढला आणि बोळा उचलला. लालभडक पाण्यात बोटभर हाड!

"वैऱ्यानं घातलं, आम्ही काढलं! ना चिरा, ना टाका, ना भूल!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट.

महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. मांडीतली गाठ कॅन्सरची आहे, फार दुर्मीळ जातीची. हाडाशी संबंध नसताना ती मांसातच उगवते आणि तिथंच हाड तयार करते. अजून पसरलेली नाही, लगेच ऑपरेशन करू. खाटकाच्या आईनं त्यातलं एवढंच उचललं : मांसात हाड. "आपोआप येतंय होय? कुणीतरी करणी केलीय!" झालं, निघाली वरात महाराजांकडे.

महाराजांनी ते हाड खाटकाच्याच हातात ठेवलं. तीस वर्षं हाडं कापणारा माणूस तो. बोकडाची नळी त्यानं डोळे मिटून ओळखली असती. शिवाय हाडाच्या कापलेल्या तोंडावर तिरपा ओरखडा. त्याच्या करवतीचा एक दात वाकडा होता. "पातं बदला की हो," म्हणून बायको वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. आणि महाराजांचा चेला दर आठवड्याला 'कुत्र्यासाठी' त्याच्याच दुकानातून हाडं नेत होता.

"अहो, हलकं वाटतंय," बायको म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

त्यानं हाड खिशात टाकलं. कुणीतरी माईक पुढे केला. "डोळ्यांनी पाहिलं. हाड निघालं," खाटीक बोलून गेला.

चार महिन्यांत गाठ दुप्पट झाली, वर खोकला लागला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचे फोटो उजेडावर धरले. "गाठीतलं हाड जागेवरच आहे. आणि छातीतले हे ठिपके बघा. कॅन्सर रक्तातून फुप्फुसांत गेलाय. उपचार करू, पण आता लढाई अवघड आहे."

"मग त्या दिवशी निघालं ते काय?" बायकोनं विचारलं.

खाटकानं खिशातून हाड काढलं. तिनं ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तिथंच."

तिनं हाड त्याच्या तळहातावर परत ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

महाराजांच्या पुढच्या दरबारात खाटीक माईकसमोर उभा राहिला. रंगाच्या पाण्यात कापूस बुडवला, आत हाड दडपलं, स्वतःच्या दंडावर दाबलं आणि काढून दाखवलं. चेला मागच्या दारानं पसार.

"तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होतीस?" कुणीतरी ओरडलं.

"ती हसली होती. आणि तुम्ही सगळे टाळ्या पिटत होता. भ्यालो मी." त्याची मान वर होईना. "माझ्या साक्षीवर तुमच्यातले किती इथं आले, कोण जाणे. गाठ आली तर फोटो काढा, तुकडा तपासून घ्या, डॉक्टरला शंभर प्रश्न विचारा. महाराजाला एकच विचारा, हाड बाहेर आलं तर कातडीला भोक कुठाय? मी विचारलं नाही. तुम्ही विचारा."