पिंकीची सूज

किसनराव मूर्तिजापूरला रेल्वेत होते. गाडी कितीही लेट झाली तरी हा माणूस चिडत नाही, अशी त्यांची ख्याती. पण अमरावतीच्या दवाखान्यात काचेतून नात दिसली आणि त्यांचा धीर सुटला.

"हे आपली पिंकी नाही," ते बायकोला, जाईबाईंना म्हणाले. "आपली पोरगी काडीवानी होती. हे तं पुरीवानी फुगून राहिली! बदलली कोनं?"

काही महिन्यांच्या पिंकीच्या हृदयात भोक होतं. ते आदल्या दिवशी ऑपरेशन करून बुजवलं होतं.

"नाक पाहा ना," जाईबाई म्हणाल्या. "इतकं बसकं नाक दुसऱ्या कोनाच्या घरचं असन?"

किसनरावांनी स्वतःचं नाक चाचपलं. कालपासून रडणारी त्यांची सून, प्रियदर्शनी, पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात डॉक्टर रागिणी बाहेर आल्या. "ऑपरेशनच्या वेळी तिचं रक्त हृदयाचं काम करणाऱ्या मशीनच्या नळ्यांतून फिरत होतं," त्यांनी सांगितलं. "शरीराला त्या नळ्या परक्या वाटतात. जंतू शिरल्यावर उठतं तसं ते लढायला उठतं. त्यानं सूज येते, तापही येतो. लहान बाळांना जरा जास्तच. बहुतेकदा हे उतरतं. जंतुसंसर्ग नाही ना, तेही आम्ही तपासतोय."

"म्हंजे ज्या मशीननं जीव वाचवला, तिच्याशीच भांडून राहिली?" किसनरावांनी विचारलं.

"तसंच समजा."

"मंग आपलीच हाये. आजीवर गेली."

"मी भांडनारी हाओ म्हनून तं टिकली तुमच्या घरात!" जाईबाई म्हणाल्या.

"आता वाट कशाची पाहायची?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"लघवीची. ती भरपूर झाली, की अंगातलं पाणी उतरू लागलं समजा."

झालं! किसनराव दारापाशीच ठाण मांडून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला एकच प्रश्न, "झाली का?" एका नव्या नर्सनं बिचारीनं त्यांना पुरुषांचं स्वच्छतागृह दाखवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच नर्स हसत आली. "आजोबा, झाली. चांगली भरपूर. अन् तपासण्याही ठीक आल्या."

मुलगा अश्विन डबा आणायला गेला होता. किसनरावांनी त्याला फोन लावला आणि साऱ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बातमी दिली. मग काचेपाशी गेले. पिंकीनं सुजलेले डोळे किंचित उघडले होते.

ते जाईबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. जाईबाईंनी वळून न पाहता पदराचं टोक मागे केलं.

"पुसा," त्या म्हणाल्या. "पन नाक नका शिंकरू."