भट्टीतले तीन ठोके

वस्तादाला धूर लागत नाही, अशी पोलीस प्रशिक्षण केंद्रात त्याची ख्याती होती. अश्रुधुराच्या खोलीत तो मास्क न लावता शिरायचा. पोरंपोरी नाकाडोळ्यांतून गळत बाहेर पडायची, खोकून खोकून दुमडायची, आणि मागून हा गडी मिशीवर हात फिरवत हसत यायचा. नव्या तुकडीला त्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "घाबरायचं काय त्यात? घरी कांदा चिरताय असं समजा. डोळे चोळायचे नाहीत, वाऱ्याकडे तोंड करायचं, संपला विषय." पोरं हसायची. आत जाईपर्यंतच हसायची, हे वेगळं सांगायला नको.

त्या खोलीला सगळे भट्टी म्हणायचे. मैदानाच्या टोकाला विटांची चौकोनी खोली, वर पत्रा, खिडकी म्हणून नाही. पुढे एक लोखंडी दार, त्याला बाहेरून कडी. मागच्या भिंतीत जमिनीलगत एक लाकडी फळी होती, माणूस वाकून निघेल एवढी. काम झाल्यावर धूर सोडायला ती ठेवलीय, असं सांगितलं जायचं.

रीत अशी. तुकडीने मास्क लावून आत जायचं, रांगेत उभं राहायचं. वस्ताद डब्यात गोळ्या पेटवायचा. धूर दाटला की हुकूम सुटायचा, "मास्क उतरव." मग एकेकाने नंबर, नाव आणि शपथ खणखणीत म्हणायची. शेवटच्याचं झालं की वस्ताद काठीने दारावर तीन ठोके द्यायचा आणि बाहेरचा माणूस कडी काढायचा. ठोके नाहीत तर कडी नाही. आतल्या कोणी दाराला नुसता हात लावला तरी अख्खी तुकडी पुन्हा पहिल्यापासून. एकामुळे सगळ्यांना शिक्षा म्हटल्यावर कोण हात लावतंय? ही शक्कल ज्याने काढली त्याला बक्षीसही मिळालं होतं म्हणे.

त्या वर्षी कडीवर शिट्टीबाई होती. कवायत शिकवणारी हवालदार. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. बाई कडक होती, पण आतल्या गाठीची नव्हती. जे असेल ते तोंडावर. तिची सख्खी धाकटी बहीण त्याच वर्षी भरती होऊन मुलींच्या तुकडीत आली होती. भरतीच्या शर्यतीत धाकटीने सगळ्यांना मागे टाकलं होतं आणि धावून आल्यावरही ती बोलत होती, एवढा तिचा दम. आई घरी लोकांचे कपडे शिवायची. धाकटीची बॅग भरताना ती मोठीला म्हणाली होती, "तू तिथे आहेस म्हणून हिला पाठवतेय हो. नाहीतर मी काही सोडणार नव्हते."

"मी आहे ना," शिट्टीबाई म्हणाली होती. आता हे वाक्य तिला रोज आठवतं आणि रोज स्वतःचाच राग येतो.

भट्टीच्या दिवशी मुलींची तुकडी शेवटी ठेवली होती. नेहमीच ठेवतात. आधी पोरांच्या तुकड्या एकामागून एक आत-बाहेर झाल्या, आणि मधे ना दार उघडं ठेवलं ना फळी काढली. आतला धूर तसाच, त्यात नवा. मुली रांगेत आल्या तेव्हा दारातूनच शिट्टीबाईच्या घशाला खवखव सुटली.

"वस्ताद, जरा हवा खेळू द्या आधी," ती म्हणाली.

"का? बहीण आहे म्हणून पंखा लावू का?" वस्ताद म्हणाला. सावलीत बसलेले दोघेतिघे शिपाई खिदळले. "जेवायच्या आत उरकायचंय बाई. लाव कडी."

शिट्टीबाईने तो घोट गिळला. उगाच बहिणीची बाजू घेते असं दिसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. लोक काय म्हणतील, या एका गोष्टीपायी माणूस काय काय गिळतो! तिने स्वतःच्या हाताने कडी लावली.

आतून हुकूम आला. मग नंबर सुरू झाले, मग खोकले. धाकटीचा आवाज तिने ओळखला. नाव पूर्ण झालं, शपथ मधेच तुटली, पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. शेवटची मुलगी कशीबशी बोलून संपली. आता ठोके. शिट्टीबाई कडीवर हात ठेवून उभी. ठोके काही येईनात. आत नुसता खोकला, ओकारीचे आवाज, आणि मग खोकलाही विरळ व्हायला लागला. तिने दाराला कान लावला. वस्ताद आत आहे, त्याला कळतंय, तो देईल, असं ती मनाला समजावत होती. इतकी वर्षं कवायत शिकवून तिच्याही अंगात तेच मुरलं होतं.

तेवढ्यात भट्टीच्या मागून फोन वाजला. आणि कोणीतरी तो उचलून आरामात बोललं, "हां, बोल. नाही रे, मोकळाच आहे. बोल ना."

आवाज वस्तादाचा होता.

क्षणभर तिला अर्थच लागला नाही. हा आत आहे ना? मग मागे कोण बोलतंय? आणि मग लख्ख कळलं. तुकडीचे डोळे धुराने मिटले की हा बाबा फळी सरकवून मागे निघायचा, मोकळ्या हवेत बसायचा, आणि शपथा संपत आल्या की परत आत शिरून ठोके द्यायचा. वर्षानुवर्षं. म्हणून याला धूर लागत नव्हता! आज फोनच्या नादात गडी विसरला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. तिने कडी ओढली.

आतलं दृश्य ती कधी विसरणार नाही. मुली रांगेतच होत्या. भिंतीला टेकलेल्या, गुडघ्यावर आलेल्या, पण रांगेत. प्रत्येकीच्या डाव्या हातात मास्क होता. हातात मास्क, आणि एकीनेही तो तोंडाला लावला नव्हता, कारण 'मास्क चढव' हा हुकूमच आला नव्हता. रांगेच्या टोकाला धाकटी पालथी पडली होती आणि तिच्याही मुठीत मास्क होता.

तिला ओढून बाहेर आणेपर्यंत वस्ताद वळसा घालून पुढे आला आणि गर्दीत मिसळून मोठमोठ्याने खोकू लागला. खोकायला मात्र झक्क जमलं त्याला.

धाकटी दवाखान्यात. फुप्फुसांना सूज, नाकाला नळी, दोन शब्द बोलली की धाप. आई खाटेजवळ बसलेली. तिने मोठीला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं शिट्टीबाईला वाटायचं.

आणि इकडे केंद्रात चौकशीचा कारभार सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, मुलीची छाती मुळातच नाजूक असणार. याच डॉक्टरांनी भरतीच्या वेळी तिची छाती तपासून पाठ थोपटली होती! वस्ताद म्हणाला, "मी पहिल्यापासून शेवटपर्यंत आत होतो. ठोके देणारच होतो, तेवढ्यात बाईंचा धीर सुटला. बहीण आत ना. आता सख्खी बहीण म्हटल्यावर व्हायचंच असं." फळीचं विचारलं तर म्हणाला, कसली फळी? दुसऱ्याच दिवशी तिथे आतल्या अंगाने नवी फळी ठोकून, वर गिलावा करून, आतूनबाहेरून चुना फासला होता. मागे बसायचं त्याचं स्टूलसुद्धा गायब.

म्हणजे चौकशीचा निकाल ठरलेलाच होता. मुलगी मुळातच आजारी, तर नोकरीला अपात्र; उपचार तिचे तिने बघावेत. आणि बाईवर शिस्तभंग. ज्याने पोरींना कोंडून गप्पा मारल्या, तो मिशीला पीळ देत मोकळा.

तुकडीतली एक गुबगुबीत मुलगी, जिला सगळ्या ढब्बू म्हणायच्या, संध्याकाळी शिट्टीबाईला नळावर गाठून कुजबुजली, "बाई, शपथा चालू असताना मागून गार हवा आली होती. वस्ताद तेव्हाच गेले."

"चौकशीला मोठे साहेब येणारेत, त्यांच्यासमोर सांगशील?"

ढब्बूने मान खाली घातली. "मला इथून पास होऊन जायचंय, बाई. घरी सगळे वाट बघतायत."

शिट्टीबाईला तिची मानगूट धरून हलवावंसं वाटलं. पण हिला तरी काय बोलणार? दाराला हात लावू नको, विचारल्याशिवाय बोलू नको, हे शिकवलं कोणी? आपणच. "जा," ती म्हणाली, "तोंड धू."

चौकशीला मोठे साहेब यायचे होते त्या सकाळी शिट्टीबाईला हुकूम आला, भट्टी झाडून ठेवा. भट्टी नेहमी ओल्या पोत्याने पुसायची, कारण धूर गेला तरी त्याची भुकटी जमिनीवर, भिंतींवर, पत्र्याच्या वळ्यांत बसून राहते. कोरडी हलवली की पुन्हा उठते. हे केंद्रात सगळ्यांना ठाऊक. शिट्टीबाईने तोंडाला मास्क बांधला, कोरडा खराटा घेतला, आणि दार लावून भिंती, पत्रा, जमीन कोपऱ्याकोपऱ्यातून खरवडून काढली. मग बाहेर आली आणि दार घट्ट ओढून घेतलं.

साहेब आले. सोबत डॉक्टर, वस्ताद. मैदानात मुलींची तुकडी रांगेत उभी केली होती, साहेबांना दिसावी म्हणून. साहेबांनी मागची पांढरी भिंत पाहिली, मान हलवली. "इथे तर काही नाही."

"कधीच नव्हतं साहेब," वस्ताद म्हणाला.

"आत बघून घ्या ना साहेब," शिट्टीबाई शांतपणे म्हणाली. "रीत कशी असते तेही कळेल. तुम्ही तिघं आत उभे राहा, मी कडी लावते. वस्तादांनी ठोके दिले की काढते."

"धूरबीर नाही ना आत?" डॉक्टर म्हणाले.

"छे! घरासारखं स्वच्छ केलंय," वस्ताद छाती फुगवून म्हणाला. हुकूम त्यानेच सोडला होता. "चला साहेब."

तिघं आत गेले. तिने कडी लावली.

आधी आतून साहेबांचा आवाज आला, अंधार फार आहे म्हणून. मग पावलं फिरली. मग एक खोकला. मग तिघांचे. "अरे, हे काय," साहेब म्हणाले आणि पुढचं बोलणं खोकल्यात गेलं. दारावर कोणीतरी हाताने धडाधड मारू लागलं. वस्तादाने नव्हे, वस्तादाची काठी असती. शिट्टीबाई कडीवर हात ठेवून उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली.

मग काठी वाजली. ठोके आले. दारावर नाही. मागच्या भिंतीवर.

तीन नाही, वेड्यासारखे. आधी काठीचे, मग लाथांचे. डोळे मिटलेल्या माणसाचे पाय नेहमीच्या वाटेनेच जातात. आत दोघं माणसं दाराकडे धावली होती, आणि एकटा वस्ताद अंधारात सरळ त्या जागी गेला होता जिथे कधीच काही नव्हतं. गिलाव्याचा पापुद्रा सुटला. चुन्याखालून लाकूड फुटल्याचा आवाज मैदानभर ऐकू गेला. रांगेतल्या मुलींनी तो ऐकला.

शिट्टीबाईने लगेच कडी काढली. साहेब बाहेर आले ते आंधळ्यासारखे, पाठोपाठ डॉक्टर. ढब्बू पाण्याची बादली घेऊन धावली. साहेब बराच वेळ वाकून उभे होते. मग तोंड पुसत, अडखळत ते भट्टीच्या मागे गेले. पांढऱ्या भिंतीत खाली भगदाड पडलं होतं आणि त्यातून वस्तादाचं डोकं आणि एक खांदा बाहेर आला होता. कंबर आत अडकली होती.

 साहेब वळून रांगेसमोर आले. डोळे लालबुंद, आवाज बसलेला. "त्या दिवशी," ते म्हणाले, "मुली आत असताना हा माणूस कुठे होता?"

 ढब्बूने बादली खाली ठेवली आणि हात उचलून भट्टीच्या मागे दाखवला. तिच्या मागोमाग दुसरीने, मग तिसरीने, मग सगळ्या रांगेने. कोणी हुकूम दिला नव्हता.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "तुमचीही छाती मुळातच नाजूक आहे का?"

डॉक्टर खोकत राहिले.

शिट्टीबाई मागे गेली. वस्ताद तसाच अडकून होता. नाक वाहत होतं, मिशी चिकटली होती, बांधलेल्या कुत्र्यासारखा दम टाकत होता. "बाई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ओढ ना बाहेर. पाणी दे थोडं. जीव जातोय माझा."

धाकटी असंच कोणाला तरी म्हणाली असेल, आत, रांगेत. नाही, ती बोलली नसेल. तिला विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं शिकवलं होतं.

शिट्टीबाई त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"घाबरायचं काय त्यात, वस्ताद?" ती म्हणाली. "घरी कांदा चिरताय असं समजा. डोळे चोळू नका. वाऱ्याकडे तोंड आहेच तुमचं."